बारा जणी विमानात, बावीस जणी बांधावर

पत्र

ताई, नमस्कार. मी सुरगाणा तालुक्यातल्या एका शासकीय आश्रमशाळेत गणित शिकवतो आणि संध्याकाळी मुलींचा फुटबॉल घेतो. चार वर्षांपूर्वी एका फाटक्या बॉलवर सुरुवात केली. आज ११ ते १४ वयाच्या ३४ मुली रोज मैदानात येतात. माझा कॉलेजचा मित्र स्वीडनला गोथेनबर्गमध्ये नोकरी करतो. त्याची मुलगी ज्या क्लबात खेळते त्यांनी आमच्या मुलींचा व्हिडिओ पाहिला आणि पुढच्या जुलैत तिथल्या 'गोथिया कप'ला बारा मुलींचा संघ घेऊन या म्हणून बोलावलं. थोडे पैसे आणि बूट ते जमवतील, पैसे माझ्या खात्यावर टाकतो म्हणतात. नाशिकचा एक एजंट माणशी सव्वादोन लाख सांगतो, 'आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रासह'. मुख्याध्यापक खूश आहेत, सरपंच त्याहून खूश. एका मुलीची आजी मात्र म्हणते, इतक्या लांब जाऊन आलेल्या पोरीची सोयरीक कोण करील? आणि मला झोप लागत नाही. उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी दरी उतरणाऱ्या मुलींना विमानात बसवणं हे त्यांचं भलं, की माझी हौस? आणि ३४ मधून बारा जणी निवडू कशा?
— एक शिक्षक, नाशिक जिल्हा

उत्तर

सर,

मुली तुम्हांला हाक मारतात तशीच मीही मारते.

भलं की हौस, हे वाक्य मी तीनदा वाचलं. दोन्ही आहे, असं मला वाटतं. हौस नसलेला मास्तर शाळा सुटल्यावर मैदानावर थांबत नाही, शेवटची एसटी गाठतो. तेव्हा हौसेची लाज बाळगू नका. फक्त तिला जरा दमानं घ्यायला सांगा. माझं उत्तर 'जा' असंच आहे. पण पुढच्या जुलैला नको, त्याच्याही पुढच्या जुलैला. आणि जाल तेव्हा घरी राहिलेल्या बावीस जणींच्या पदरात काय पडलं, हे आधी लिहून ठेवा. तुमच्या पत्रात बारा जणींबद्दल बरंच आहे. बावीस जणींबद्दल, 'निवडू कशा' सोडलं तर, एक ओळ नाही.

आधी हे निमंत्रण कशाचं आहे ते नीट बघू. गोथिया कप १९७५ पासून दर जुलैत गोथेनबर्गला भरतो. बीके हेकेन हा तिथला क्लब तो भरवतो. सत्तरच्या आसपास देशांतले सोळाशेच्या वर संघ आठवडाभर शहरभरच्या मैदानांवर खेळतात. गावोगावचे शाळकरी संघ नाव नोंदवून, फी भरून येतात. म्हणजे ही फुटबॉलची जत्रा आहे आणि जत्रा म्हणून ती फार सुंदर आहे. ब्राझीलची पोरं शेजारच्या वर्गात झोपलेली, सकाळी नळावर केनियाच्या मुली. मात्र गावात फ्लेक्स लागेल तेव्हा त्यावर 'वर्ल्ड कपसाठी निवड' असं छापलं जाणार, याची खात्री बाळगा. तुम्ही तिथेच अडवा. मुली भारताच्या संघातून नव्हे, आपल्या शाळेच्या संघातून चालल्या आहेत. हे त्यांना स्वच्छ माहीत असलं पाहिजे, नाहीतर परत आल्यावर कोणीतरी शहाणा ते त्यांना सांगेल आणि त्या दिवशी फार लागेल.

एजंटचं एका परिच्छेदात मिटवते. 'आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र' म्हणजे त्याला पालकांच्या कानात सरकारी नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण घालायचं आहे. असल्या निमंत्रित स्पर्धेच्या कागदावर ते आरक्षण किंवा दहावीचे वाढीव गुण मिळतील अशी आशा कुणालाही लावू नका. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या. त्या वाटेला शालेय स्पर्धा लागतात, तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं आपल्या राज्यात पुरेशी गाजली आहेत. एजंटला चहा पाजा आणि निरोप द्या. संघाची नोंदणी मुक्कामासकट तुम्ही स्वतः आयोजकांकडे करू शकता. परदेशी जायला फुटबॉल संघटनेची परवानगी लागते का, तेही वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनला आताच विचारून ठेवा.

आता जुलै. तुम्ही गणिताचे, पण नोकरी सुरगाण्यातली, तेव्हा हे तुमच्या लक्षात यायला हवं होतं. जुलै म्हणजे आवणी, भाताची लावणी. बारा-तेरा वर्षांची पोर त्या दिवसांत सुट्टी काढून घरी जाते, कारण चिखलात वाकणारे दोन हात घराला हवे असतात. नेमक्या त्याच आठवड्यात तुम्ही तिला घेऊन उडणार. बाप तुमच्यासमोर 'ने म्हणा सर' म्हणेल, कारण मास्तरला नाही म्हणायची रीत नाही. रोपं मात्र लावायचीच असतात, आणि ती धाकटी बहीण लावेल, सहावीतली. ती तुमच्या चौतीस जणींत आहे का, बघा जरा. तेव्हा दौऱ्याच्या खर्चात बारा घरांची आवणीची मजुरी धरा. विमानभाड्यापुढे ती रक्कम काहीच नाही, पण ती लिहिली की हा दौरा कुणाच्या पाठीवर उभा आहे ते कागदावर दिसतं.

मी हे शहाणपण पुस्तकातून आणलेलं नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका वस्तीतली मुलं घेऊन अशाच एका युरोपातल्या स्पर्धेला मी गेले होते, संघाची व्यवस्थापक म्हणून. निघायच्या आठवड्यात एका मुलाचा व्हिसा नाकारला गेला. तो आमचा डावा विंगर. घरच्यांची कागदपत्रं अपुरी होती आणि ती वेळेत बघणं माझं काम होतं. आम्ही गेलो. तिथून मी त्याला रोज फोटो पाठवत होते, कौतुकानं. त्याला बरं वाटेल, आपण आपल्यातच आहोत असं वाटेल म्हणून. परत आलो तेव्हा तो मैदानावर आला नाही. नंतरही आला नाही. त्या स्पर्धेत आम्ही किती गोल केले ते मला आज सांगता येणार नाही. त्या मुलाच्या घराचा जिना किती पायऱ्यांचा होता ते सांगता येईल, कारण मी तो बरेचदा चढले.

म्हणून निवडीबद्दल सांगते. नियम आजच ठरवा, नावं वर्षभरानं. नियम फळ्यावर लिहा, तुमच्या वहीत नव्हे. सरावाची हजेरी, शाळेतली हजेरी आणि पाचवी-सहावीच्या लहान मुलींना शिकवलेले तास, एवढं पुरे. गोल मोजू नका. गोल करणारीला तसंही सगळे ओळखतात. बारातल्या दोन जागा मुलींनी मतदानानं भराव्यात. त्या कुणाला निवडतात ते बघून तुम्ही चकित व्हाल. बहुतेक वेळा पडलेलीला उठवायला सगळ्यांत आधी धावणारी निघते.

नागपूरची गोष्ट तुम्हांला माहीत असेल. हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात फुटकी बादली लाथाडणारी झोपडपट्टीतली मुलं पाहिली आणि २००१ मध्ये 'स्लम सॉकर' उभं राहिलं. 'झुंड' सिनेमामुळे आता ते घरोघरी पोचलं आहे. त्यांचे संघ होमलेस वर्ल्ड कपला जातात. ही बेघर, निराधार माणसांची स्पर्धा, पहिली २००३ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राट्सला झाली. तिचा एक नियम मला फार आवडतो. तिथे खेळाडूला आयुष्यात एकदाच खेळता येतं. कितीही चांगला असला तरी पुढच्या वर्षी जागा दुसऱ्याची. चषकापायी पळणाऱ्याला हा वेडेपणा वाटेल. पण मग एकदा जाऊन आलेल्यानं पुढे करायचं काय? नागपूरकरांनी त्याचं उत्तर आधीच तयार ठेवलं, त्यानं आपल्या वस्तीतल्या पोरांना शिकवायचं. त्या संस्थेला २०१६ मध्ये फिफाचा विविधतेसाठीचा पुरस्कार मिळाला तो माझ्या मते या सांधेजोडीसाठी. तुम्हीही हा नियम उचला. आज जी जाईल ती पुन्हा जाणार नाही, आणि आल्यावर दोन वर्षं आठवड्यातून दोन दिवस लहानांचा सराव घेईल. हे जाण्याआधी कबूल करून घ्या, आईसमोर.

पैशाचं बघू. एजंटच्या भावानं बारा मुली आणि दोन मोठी माणसं, चौदा जणांचे साडेएकतीस लाख होतात. महिना वीस हजारांवर एखादी तरुण मुलगी प्रशिक्षक म्हणून ठेवली तर एवढ्यात ती तेरा वर्षं पुरते. हे गणित मांडून मी दौऱ्याच्या विरोधात निकाल देऊ शकले असते. पण तो लबाडपणा होईल. कारण दौऱ्याला पैसे देणारा माणूस पगाराला देत नाही, हे मला तीस वर्षांत कळून चुकलं आहे. विमान म्हटलं की पाकिटं उघडतात, मैदान आखायच्या चुन्याच्या फक्कीला कुणी देत नाही. म्हणून विमानाच्या नावानं मागा, पण अट घाला. दौऱ्याच्या दर पाच रुपयांमागे दोन रुपये घरच्या मैदानाला. देणाऱ्याला पहिल्याच भेटीत सांगा. चांगला माणूस हो म्हणतो, आणि नाही म्हणणाऱ्याला फोटोच हवा होता हे फुकटात कळतं.

कंपन्यांचं याच्या उलट आहे. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यासाठी काढायचा, पैसा देशाबाहेरच्या कार्यक्रमावर खर्च झालेला नियमात बसत नाही. सवलत आहे ती राज्याचं किंवा देशाचं प्रतिनिधित्व करणाऱ्या खेळाडूंच्या प्रशिक्षणाला, आणि तुम्ही त्यात येत नाही. पण ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण सीएसआरच्या यादीत सरळ बसतं. म्हणजे सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडे स्वीडनचं तिकीट मागू नका. मैदान सपाट करून मागा, प्रशिक्षक बाईंचा पगार मागा, मुलींसाठी कपडे बदलायची खोली मागा.

आणि स्वीडनच्या क्लबचा एक क्रोनरसुद्धा तुमच्या खात्यावर येता कामा नये. हे मी ओरडून सांगते आहे असं समजा. परदेशी देणगी एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच घेता येते, तीही दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यात, आणि २०२० पासून ती संस्था तो पैसा दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. बुटांची पेटीसुद्धा या कायद्यात येऊ शकते, म्हणून बूट तिकडून मागवूच नका. तुमच्या मित्राचा पासपोर्ट अजून भारतीय असेल, तर त्यानं आपल्या पगारातून बँकेमार्फत दिलेला पैसा परदेशी ठरत नाही. पण त्यानं तिथलं नागरिकत्व घेतलं असेल, तर परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड असूनही ठरतो. महाराष्ट्र मंडळांकडे हात पसरताना हा फरक आधी विचारा, लोकांना राग येत नाही. शिवाय तुम्ही सरकारी नोकर. परदेशात परक्यांचा पाहुणचार घ्यायचा, म्हणजे त्यांच्या खर्चानं राहायचं-फिरायचं, तर केंद्रीय गृह मंत्रालयाची आधी परवानगी लागते. मुलींना नाही, तुम्हांला. आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प अधिकाऱ्यांची परवानगी आणि रजा वेगळी. भलं करायला गेलेला मास्तर निलंबित झाला, तर चौतीस जणींचा फुटबॉल त्याच दिवशी बंद पडतो.

कागदपत्रांवर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवणार आहे, आणि कंटाळा आला तरी वाचा. कारण या दौऱ्यातून मुलींना जे कायमचं मिळणार ते इथे आहे, त्या शहरात नाही.

तुमच्या पटावर किती मुलींचा जन्म १ जूनचा आहे? हसू नका, मोजा. आपल्याकडे अर्धा तालुका १ जूनला जन्मलेला असतो, कारण पहिलीत नाव घालणाऱ्या गुरुजींनी तीच तारीख टाकलेली असते. आधारवर दुसरी, ग्रामपंचायतीत तिसरी किंवा नोंदच नाही. वर्ष उलटून गेलेली जन्मनोंद ग्रामसेवकाच्या हातात नसते, वरून आदेश आणावा लागतो आणि त्यात महिने जातात. पासपोर्टला जन्मदाखलाच हवा ही सक्ती १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना आहे. तुमच्या मुलींना शाळा सोडल्याचा दाखला वगैरे चालतो, पण तारीख आणि नाव सगळीकडे एकच हवं. अर्जावर आई-वडील दोघांचं संमतीचं घोषणापत्र लागतं. वडील सोडून गेले असतील तर एकट्या पालकाचा नमुना वेगळा आहे, तो आधीच माहीत करून घ्या. नाहीतर नाशिकच्या खिडकीवर त्या बाईला सगळ्यांदेखत नवऱ्याचा इतिहास सांगावा लागतो.

आणि हे बारा जणींचं करू नका. चौतीस जणींचं करा. अठराच्या आतल्या मुलांच्या पासपोर्टची फी हजार रुपये आहे, म्हणजे सगळ्यांचे मिळून चौतीस हजार. त्याच फेऱ्यांत जातीचा दाखला आणि आईच्या नावाची दुरुस्ती उरकून घ्या. चौदाव्या वर्षी एका मुलीच्या हातात तिचे सगळे कागद एका नावाचे, एका तारखेचे असणं याला मी चषक म्हणते. पुढे नर्सिंगला जायचं असो, पोलीस भरती असो, की लग्नाचं वय झालंय असं कुणी खोटं सांगत असो, हेच कागद तिच्या बाजूनं उभे राहतात.

झारखंडात रांचीजवळच्या खेड्यांत 'युवा' नावाची संस्था २००९ पासून मुलींना फुटबॉल शिकवते. २०१३ मध्ये त्यांच्या मुली स्पेनमधल्या स्पर्धांना गेल्या आणि एका स्पर्धेत तिसऱ्या आल्या. पेपरांत फोटो आले, लाल काठाच्या साड्या नेसून नाचणाऱ्या मुली. पण त्यांनी नंतर सांगितलेलं तेव्हाच छापून आलं होतं. पासपोर्टसाठी जन्मदाखला मागायला पंचायतीच्या कार्यालयात गेल्या, तेव्हा त्यांना फरशी झाडायला लावली, थपडा मारल्या, पैसे मागितले. स्पेनपेक्षा लांबचा प्रवास तो होता. तुम्ही मुलींना एकेकट्या पाठवू नका. चौतीस जणी आणि चौतीस आया अशी एक तारीख मागा. एवढ्या बाया एकदम दारात बघितल्या की टेबलाचे खण आपोआप उघडतात.

व्हिसाला सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. सहा महिने आधीच करा, पंधरा दिवस राहिल्यावर नव्हे. बारा वर्षं पूर्ण झालेल्यांच्या बोटांचे ठसे घेतात, म्हणजे मुंबईची फेरी आलीच. तीस हजार युरोचं आरोग्य विम्याचं संरक्षण लागतं. एक गोष्ट एजंट सांगणार नाही. पंचविशीच्या आतली मुलं ना-नफा संस्थेचे प्रतिनिधी म्हणून दुसऱ्या ना-नफा संस्थेनं भरवलेल्या क्रीडा कार्यक्रमाला जात असतील, तर शेंगेन व्हिसाची, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या याच व्हिसाची, फी माफ असते. व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. तुम्ही त्यात बसता का, ते क्लबकडून आणि दूतावासाकडून लेखी घ्या. आणि एखादीचा व्हिसा नाकारला तर काय, हे आधी ठरवून ठेवा. आधी म्हणजे आधी. मी ठरवलं नव्हतं.

पण हे सगळं दुसऱ्या वर्षीचं. पहिल्या वर्षी त्यांना इकडे बोलवा.

देवाणघेवाण म्हणतात ना, मग देणं कुठे आहे? तुमच्या बेतात मुली फक्त घेणाऱ्या आहेत. तिकीट घेणार, बूट घेणार, टाळ्या घेणार. बारा वर्षांच्या पोरीला हे कळतं आणि ते तिच्या पाठीच्या कण्यात बसतं. त्या क्लबच्या आठ-दहा मुली, सोबत त्यांच्या आया, जानेवारीत आठ दिवस सुरगाण्याला येऊ देत. दिवाळीनंतर तुमच्या मुलींचे आई-वडील दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत गेलेले असतात, मुली वसतिगृहातच असतात, म्हणजे कुणाचं काम अडत नाही. परकी माणसं मुक्कामाला असली की चोवीस तासांत त्यांची नोंद सरकारकडे ऑनलाइन करावी लागते, आणि आश्रमशाळेत ठेवायला प्रकल्प कार्यालयाचं पत्र लागेल. सकाळी त्यांनी फुटबॉल शिकवावा आणि संध्याकाळी तुमच्या मुलींनी खोखो.

तुम्हांला मजा सांगते. फुटबॉल खेळणारी धिप्पाड मुलगी खोखोच्या रांगेत उकिडवी बसली की दोन मिनिटांत तिचे गुडघे बोलायला लागतात. तुमच्या चिमण्या हुलकावण्या देत साखळी पळणार, ती हात पसरून हवा पकडणार, आणि खांबावर सूर मारायची वेळ आली की ती सरळ मान हलवणार. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खोखोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुषांचा आणि महिलांचा, दोन्ही चषक भारतानं घेतले आणि दोन्ही संघांचे कर्णधार आपले होते, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. हे मुलींना सांगा. आपण ज्यात गुरू आहोत असं काहीतरी पाहुण्यांसमोर मांडायला मिळालं की नजर बदलते. पुढच्या वर्षी याच मुली गोथेनबर्गला उतरतील तेव्हा त्यांना न्यायला आलेली मुलगी ओळखीची असेल, आणि तिला आपण एकदा सपशेल बाद केलं होतं हेही लक्षात असेल.

ही रीत काही मी शोधलेली नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ तिथे करून दाखवले, कबड्डीसुद्धा. ती माणसं मागायला गेली नव्हती, दाखवायला गेली होती.

आता चौदापैकी उरलेल्या दोन खुर्च्या. खरी भांडणं या दोन खुर्च्यांवरून होतात, बारा जागांवरून नाही. मुख्याध्यापक, सरपंच, देणगीदाराचा पुतण्या, 'मी व्हिडिओ काढतो' म्हणणारा एक. माझं म्हणणं स्पष्ट आहे. एक तुम्ही. दुसरी बाईच, आणि मुली जिला रात्री दोन वाजता उठवू शकतात अशीच बाई, वसतिगृहाच्या अधीक्षिका किंवा एखादीची आई. या वयात पाळी परदेशात पहिल्यांदा येऊ शकते, आणि ते तुम्हांला सांगायला कुणी येणार नाही. मुलींना घराघरांत वाटून ठेवायची प्रेमळ सूचना क्लब करील, तिला नम्रपणे नाही म्हणा. तिकडे संघ शाळांच्या वर्गांत जमिनीवर गाद्या टाकून झोपतात. मुंबईच्या मुलांना ते आठवडाभर शिकवावं लागलं होतं. तुमच्या आश्रमशाळेच्या मुलींना त्यात काही नवं वाटणार नाही. नवं वाटेल ते एवढंच की रात्री दहापर्यंत बाहेर उजेड असतो. खिडक्यांना लावायला काळं कापड न्या, नाहीतर एकही झोपणार नाही आणि सकाळी नऊला सामना असेल.

आजीचं बोलणं हसण्यावारी नेऊ नका. तिला सोयरिकीची काळजी आहे, म्हणजे नातीची काळजी आहे. तुम्ही तिला उत्तर देऊ नका, सामन्याला बोलवा. खुर्ची टाका, पहिल्या रांगेत. आणि तुमच्याच जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दिल्लीला दहा हजार मीटर धावून कांस्यपदक घेऊन आली, हे तिला सांगा. स्वीडन आजीला कळणार नाही. सावरपाडा कळेल.

परत आल्यावरचं थोडं. आमचा एक मुलगा विमानतळावरून वस्तीकडे येताना बसमध्ये म्हणाला होता, "बाई, तिकडे पडलं तरी लागत नाही." गवताबद्दल बोलत होता. दुसऱ्या दिवशी तो आमच्या खडीच्या मैदानावर आला, दोन्ही गुडघे फोडून घेतले आणि आठवडाभर कुणाशी बोलला नाही. तिकडचं गवत दाखवून आणायचं आणि इकडची खडी तशीच ठेवायची, याचा अर्थ त्या पोरानं बरोबर काढला. म्हणून ते पाचांमागचे दोन रुपये. मैदानाचं काम विमानाच्या आधी पूर्ण झालेलं असू दे. रांचीच्या 'युवा'नं स्पेननंतर दोन वर्षांनी, २०१५ मध्ये, मुलींसाठी शाळा काढली. २०१९ चा लॉरियस हा खेळजगतातला मोठा पुरस्कार त्यांना मिळाला तो रोजच्या कामासाठी, सहलीसाठी नव्हे. मुंबईत कफ परेडच्या आंबेडकर नगरात अशोक राठोड यांनी 'ऑस्कर' संस्था उभी केली. तिचा नियम मुलांच्या तोंडी असतो, शाळा नाही तर फुटबॉल नाही. तिथली मुलंही इंग्लंडला जाऊन आली. पण शाळेचा नियम इंग्लंडच्या आधीपासूनचा आहे, हे लक्षात घ्या.

पैसे जमवायच्या व्हिडिओत हंडा दाखवू नका. तुम्ही पत्रातही तो आणलात, मला कळलं, मन हलवायला तो उपयोगी पडतो. पण तो व्हिडिओ गोथेनबर्गच्या मुलींनी पाहिलेला असेल, आणि मैदानात तुमची मुलगी समोर आली की त्यांना हंडा आठवेल. तिचा डावा पाय दाखवा.

आणि बूट. चौतीस जोड घ्या, बारा नव्हे. नाशिकच्या बाजारात एकदम घेतले तर भाव करतात. मापं मात्र आत्ता घेऊ नका. या वयात पाय थांबत नाहीत, मे महिन्यात घ्या.

— ताई